मशीनला भरवलेला घास

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले, की समोरच्या कॉलेजच्या लॉनवर गवत कापायचं मशीन फिरायला लागतं. पावसाळ्यात माजलेलं गवत तोवर घोट्याच्या वर आलेलं असतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या या दुसऱ्या मजल्यावर माझी सकाळ खिडकीतच जाते, त्यामुळे त्या मशीनची आणि माझी ओळख आता जुनी झाली. माळी दोरी ओढतो, पुन्हा ओढतो, मग ते खोकून सुरू होतं, निळसर धूर सोडतं, लॉनच्या या कडेपासून त्या कडेला जातं आणि मध्येच गप्प होतं. माळी खाली बसतो, पाना काढतो, प्लग उघडून उन्हात धरतो आणि पँटला पुसतो. इतक्या लांबून मला प्लग दिसत नाही, पण तो काळा आहे आणि ओला आहे, हे मी इथं बसून सांगते. मग वाऱ्याबरोबर तो जळक्या तेलाचा वास वर येतो, आणि एवढी वर्षं झाली तरी त्या वासामागोमाग सगळ्यात आधी माझ्या पोटात उठते ती जळफळ.

त्या एका हंगामात मी जेवढी जळले, तेवढी आयुष्यात पुन्हा जळले नाही. शेजारणीच्या साडीवर वगैरे नव्हे. मी एका दारात काढून ठेवलेल्या चपलांवर जळत होते.

त्या चपला दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या. दार आक्कांचं, थोरल्या जाऊबाईंचं. सत्तरच्या दशकातले दिवस. मी साताऱ्याची, मॅट्रिक झालेली, शाहूपुरीत नळाच्या पाण्यावर वाढलेली, आणि येऊन पडले तासगावच्या पुढं, पाऊस जिथं आठवण झाली तरच येतो अशा गावात. आमचे हे पलटणीत. दादा घरी, शेतीवर. सासरे होते तोवर सगळं एकत्र होतं. मामंजी गेले आणि रान निम्मंनिम्मं झालं, घराच्या मधोमध भिंत आली. ती भिंत इतकी बेताची होती, की पलीकडचं सगळं अलीकडं ऐकू यायचं. दादांनी चहा मागितलेला ऐकू यायचा. दादा शिंकलेले ऐकू यायचे. आक्का काही बोलल्या आणि ते हसले, की माझा भाकरी थापणारा हात थांबायचा. नवरा घरात असणं म्हणजे आणखी काय असतं, सकाळी कुणीतरी चहा मागणं. माझ्याकडं मनीऑर्डर यायची आणि वर्षाला एक रजा यायची. पोस्टमननं दारात सायकल लावली, की आक्का त्यांच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. हे मला दिसायचं. पण मला वाटायचं, किती आले ते बघायला येतात.

आमच्या वाट्याच्या रानात यांनी दोन रजा खर्ची घालून द्राक्षाची बाग उभी केली होती. पहिल्या रजेत खड्डे आणि रोपं, दुसऱ्या रजेत दगडी खांब आणि तारा. बाकी वर्षभर ती बाग माझी. रजा संपायच्या आदल्या दिवशी हे तारेला हात लावून उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “हा पयला बहर हाताला लागला, तर पुढं नोकरी वाढवून घेत न्हाई. पेन्शन घिऊन येतो. न्हाई लागला, तर मग हायच आणि थोडी वर्षं.”

झालं. त्या दिवसापासून त्या बागेत माझ्यासाठी द्राक्षं नव्हतीच. प्रत्येक फुटव्यात मला हे दिसायचे. छाटणीनंतर डोळे फुटले, पोपटी पानं आली, पानांच्या बगलेत मोहरीएवढ्या मण्यांचे घड दिसायला लागले, आणि मी रोज सकाळी ओळीओळीतून पान उलटं करून बघत फिरायची. पानावर तेलकट डाग दिसला म्हणजे केवड्याचा रोग आला. केवडा आला की घड करपतात. आणि घड करपले की कुणीही येत नाही.

केवड्याला औषध एकच, मोरचूद आणि चुना. मातीच्या रांजणात मोरचूद विरघळला की पाण्याला जो निळा रंग येतो, तसा निळा मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. त्यात चुन्याची निवळी ओतायची आणि विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला. आमच्या बोटांची नखं त्या हंगामात कायम निळी असायची. आक्कांचीही असायची, कारण बांधापलीकडं त्यांचीही बाग होती, माझ्या बागेच्याच वयाची. मला मात्र ती नेहमी जास्त हिरवी वाटायची.

औषध मारायला दोन घरांत मिळून एक मशीन घेतलं. पाठीवर घ्यायचं, दोरी ओढून सुरू करायचं, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक. एक दिवस त्यांच्याकडं, एक दिवस आमच्याकडं. दोन्ही बागांत ते पाठीवर घेऊन फिरणारा गडीही एकच, बिरू, जतकडचा. मेंढरं विकून आलेला. उंच, वाळका, आणि बोलण्याच्या बाबतीत फार जपून.

असा वाटून घ्यायचा व्यवहार आम्हाला नवा नव्हता. त्याला पैरा म्हणतात. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, दोघांची मिळून जोडी. वाटणीनंतर आमचं तेच झालं होतं. मामंजींचा त्यात एक नियम होता आणि तो दोन्ही सुनांना पाठ होता, “जनावर उपाशी पाठवायचं न्हाई, आन आलेल्याला घास दिल्याबिगर जू ठिवायचं न्हाई.” त्यामुळे आमचा बैल आक्कांच्या रानात जायचा तो पोटभर खाऊन, आणि तिथं पोचला की आक्का पेंडीचा एक मुटका स्वतः त्याच्या तोंडात घालायच्या. त्यांचा बैल इकडं आला की मीही तेच करायची. भांडण असो, अबोला असो, घास चुकला नाही.

मशीनचं मात्र पहिल्या आठवड्यातच बिनसलं. माझ्याकडं आलं की सुरू व्हायचं, पांढरानिळा धूर ओकायचं, दोन-चार ओळी मारायचं आणि घरघरून थांबायचं. प्लग काढला की काळा, ओला, काजळीवर तेल ओतल्यासारखा. तारेच्या ब्रशनं घासायचा, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, फडक्यानं पुसायचा, परत लावायचा. पुन्हा दोन ओळी. शेवटी मी प्लग चिमट्यात धरून चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायला शिकले. तव्यावर भाकरी आणि खाली प्लग, असा तो स्वयंपाक. घरभर पेट्रोलचा वास. वाळलेला प्लग गरम असतानाच बसवला की मशीन जरा बरं चालायचं, पण तेही दुपारपर्यंतच.

दादांनी नवा प्लग आणला, तोही चार दिवसांत काळा झाला. मग हवेची जाळी धुतली, तिच्यातून चुन्याचा राबडा निघाला. मला वाटलं, सापडलं. पण नाही सापडलं. सायलेन्सरच्या तोंडातला कार्बन खरवडला, पॉइंट घासले. सांगलीहून एक मेकॅनिक आणला, त्यानं प्लग हातात घेऊन बघितला, डॉक्टर पेशंटची जीभ बघतो तसा, आणि म्हणाला, की तेल जास्त होतंय, कमी करा. मी म्हटलं, मी मापानं घालते. आक्का म्हणाल्या, मी मापानं घालते. दोघींनी आपापलं माप त्याच्यासमोर धरलं. माप बरोबर होतं. तो चहा पिऊन गेला, आणि आम्ही दोघी आपापल्या दारात उभ्या राहून एकमेकींकडं बघत राहिलो. दोघींचीही खात्री पटली होती, की खोट दुसरीच्याच मापात आहे.

तरी मला खरा जाळत होता तो मशीनचा आवाज. ज्या दिवशी ते आक्कांकडं असायचं, त्या दिवशी बांधापलीकडून तो सलग घुमणारा आवाज यायचा. मी खुरपं बाजूला ठेवून ऐकायची. किती छान चालतंय. मग एकदम शांत व्हायचं, आणि मी मनात म्हणायची, झालं त्यांचं. एवढ्या लवकर उरकलं. घरी बाप्या माणूस आहे ना, मशीनसुद्धा बाप्याला ओळखतं. माझ्याकडं आलं की मुद्दाम बसतं. एकदा तर त्या शांततेनं मला रडू आलं. शेजारच्या बागेतली शांतता ऐकून रडणारी मीच असेन.

बिरूला खोदून खोदून विचारायची. तिकडं कसं चालतं रे मशीन? तो म्हणायचा, चालतंय की. बंद पडत नाही? चालतंय की, वैनी. त्याचा एक नेम होता, दोन घरचं अन्न खातो तर या घरचं त्या घरी सांगायचं नाही. फार सज्जन माणूस. त्याच्या सज्जनपणानं मला त्या हंगामात अर्धी केली.

आणि मग आभाळ आलं. दिवाळी झाल्यावर थंडी पडायची, ती पडेना. सकाळी धुकट, दुपारी उबारा, संध्याकाळी झाकोळ. केवड्याला असलंच हवामान लागतं. असे लागोपाठ दिवस गेले आणि एका सकाळी खालच्या ओळीत मला पहिला तेलकट डाग दिसला. पान उलटं केलं तर मागं पांढरी लव. आदल्या दिवशी मशीन आक्कांकडं होतं, आज माझी पाळी, आणि बिरू अजून आला नव्हता. मी वाट बघितली नाही. पदर खोचला आणि बांध ओलांडून निघाले.

गोठ्यामागं दगडावर मशीन ठेवलेलं होतं. बिरू पट्टे बांधत होता. आणि आक्का तेलाचा डबा घेऊन पेट्रोलच्या टाकीच्या उघड्या तोंडात, मापबिप काही नाही, सरळ धार सोडत होत्या.

मला वाटलं, सापडली. इतके दिवस जे मनात होतं ते डोळ्यांना दिसलं, याचा एक आनंदसुद्धा झाला.

“आक्का, काय घालताय त्यात?”

त्या दचकल्या वगैरे नाहीत. “त्याल. दुसरं काय घालत्यात?”

“पेट्रोलात मिसळलेलं असतं की. वरनं कशाला?”

“ते मापाचं निराळं. ह्यो वाटंचा घास. तुझ्याकडं जायाचं म्हंजी उपाशी धाडू व्हय?”

मी संतापले होते. म्हटलं, म्हणजे माझ्याकडं ते बंद पडतं ते तुमच्यामुळं. आक्कांनी डबा खाली ठेवला आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तुझ्याकडं पडतंय. आन माझ्याकडं पडतंय ते कुणामुळं गं?”

हे मी कधी ऐकलंच नव्हतं. तुमच्याकडं बंद पडतं? मी विचारलं. रोज, त्या म्हणाल्या. दोन ओळी झाल्या की बसतंय, आणि तिथं रानात दादा त्यांनाच बोलतात, तुझ्या हाताला यश नाही म्हणून. मी बिरूकडं बघितलं. बिरू पट्ट्याची गाठ बघत होता.

मग आक्कांनी सावकाश विचारलं, “तुझ्याकडं आल्यावर तू काय घालतीस त्येला?”

माझ्या बागेच्या कुडाला तेलाची बाटली टांगलेली असायची. मशीन आलं की त्याची टाकी उघडून मी त्यात बाटली वाकडी करायची, थोडीशीच, आलेल्याला घास म्हणून. आणि परत पाठवताना पुन्हा थोडीशी. मेकॅनिकनं विचारलं तेव्हा यातलं मला काही आठवलंच नव्हतं, कारण त्यानं माप विचारलं होतं, आणि घास कुणी मापात धरत नाही. त्यात मशीन बंद पडायला लागल्यावर मला त्याची दया यायची आणि बाटली आणखी जरा वाकायची. आक्कांचंही तेच होत होतं. तेल ते, खाली बसायचं आणि आधी तेच इंजिनात जायचं. आम्ही दोघी मिळून त्या मशीनला खाऊ घालून घालून मारत होतो.

बिरूनं घसा खाकरला. “वैनी, मी बी वाईच सोडत हुतो. मदी, बांधावर.”

“तू कशाला रं?” आक्कांनी विचारलं.

“म्हटलं, चालून दमलं आसंल.”

ते मशीन त्याच्या पाठीवरून जायचं. आक्कांनी त्याच्याकडं बघितलं, मी आक्कांकडं बघितलं, आणि मग आम्ही दोघी गोठ्याच्या भिंतीला टेकून हसत सुटलो. घर फुटल्यापासून आम्ही दोघी एका वेळी, एका कारणानं हसलो नव्हतो.

हसू ओसरल्यावर आक्का डोळे पुसत म्हणाल्या, “तुझ्याकडचा आवाज थांबला की मी म्हनायची, झालं हिचं. बाग धरली हिची. आता येतोय हिचा धनी.”

म्हणजे माझी शांतता त्याही ऐकत होत्या. मी म्हटलं, “पण तुमाला काय त्याचं, आक्का? तुमचे तर घरातच हायेत.”

“हायेत की. घरात हायेत, म्हनून तर मी कुनासाठी कवा दारात यिऊन हुबी ऱ्हायली न्हाई. पोस्टमन आला की तुझं त्वांड कसं हुतंय, ते बघाया यायची मी.”

मी पुढं झाले आणि मशीनला हात घातला.

टाकी उलटी केली, जुनं सगळं ओतून दिलं. आक्कांनी एका मापानं नवं मिश्रण केलं, डबा हलवून टाकीत घातलं, आणि तेलाचा डबा उचलून फडताळात ठेवून दिला. ठरलं, की इथून पुढं मिसळणारा हात एकच. मशीनला घास बंद. बिरूनं पाठीवर मशीन घेता घेता अगदी गंभीरपणे सुचवलं, की घास द्यायचाच असेल तर उचलणाऱ्याला द्यायला हरकत नाही. त्या दिवसापासून त्याला इकडं निघताना आक्कांकडं अर्धी भाकरी आणि पोचल्यावर माझ्याकडं गुळाचा खडा मिळायला लागला. त्या दिवशी आधी माझी सगळी बाग मारून झाली आणि मग आक्कांची. संध्याकाळी प्लग काढून बघितला. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा कोरडा तांबूस. तो मी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले होते. सोन्याचा डाग मी असा कधी बघितला नाही.

खालच्या ओळी गेल्या. वरची बाग राहिली, आणि उन्हाळ्यात पेट्या भरून तासगावला गेल्या. पुढच्या वर्षी हे आले ते कायमचे. ट्रंक उतरवली आणि सकाळी चहा मागितला. मी तो भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं जरा उशिरा दिला, म्हणजे पुन्हा मागावा लागेल. आता यात माझी जळफळ संपायला हवी होती. पण यांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा हे पोट धरून हसले आणि त्यानंतर जन्मभर मशीनचं मिश्रण म्हटलं की उठून वैनीकडं, म्हणजे आक्कांकडं जायचे. वैनीच्या हाताला माप आहे म्हणायचे. मी मॅट्रिक झालेली, घरात बसून. मी पुन्हा जळायला मोकळी.

आता हेही नाहीत. जाऊन बरीच वर्षं झाली.

परवा न राहवून मी काठी घेऊन खाली गेले आणि माळ्याला विचारलं, बाबा, या मशीनमध्ये तेल कोण कोण घालतं? तो म्हणाला, मी घालतो. आणि सकाळचे दुसरे माळी आहेत, ते घालत असतील. मी म्हटलं, एकानंच घाल. त्यानं मान हलवली, म्हातारीला उन्हाचा त्रास होत असावा अशी. आज ते जरा जास्त वेळ चालतंय. बघू.

आक्का गेल्या पौषात गेल्या. दादा अजून आहेत, खाटेवर आहेत, पण आहेत. त्यामुळे आक्का भरल्या कपाळानं गेल्या. हिरवा चुडा, मळवट, ओटी, सगळं झालं. मळवट भरायला अर्थातच मला कुणी पुढं बोलावलं नाही. मी गावच्या घरात भिंतीला टेकून उभी होते, त्याच मधल्या भिंतीला, आणि इतक्या बायका रडत असताना माझ्या मनात तीच ओळखीची कळ उठली. झालं यांचं. यातही माझ्या आधी.

मग त्यांची नात म्हणाली, की दोन दिवस आजीच्या पोटात काही गेलं नव्हतं. ते ऐकलं आणि मला राहवेना. मी स्वयंपाकघरात गेले, दुरडीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर गुळाचा खडा ठेवला, आणि बायकांच्या मधून वाट काढत जाऊन तो आक्कांच्या मुठीत दिला. कुणीतरी काही म्हणायला लागलं. खाटेवरून दादा म्हणाले, “असू द्या. उपाशी धाडायचं न्हाई.”

निघतानाचा घास मी दिला. पोचल्यावरचा द्यायला तिकडं आमचे हे आहेत, नियम त्यांना पाठ आहे, आणि वैनी आली म्हटल्यावर ते उठून पुढं आले असतील. एवढी वर्षं वाट मी बघितली, आणि पोचल्या आक्का.